गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा: तो सूर्यफुलावर का टिकत नाही आणि गवत का संपवत नाही

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटला की रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटांवर आणि शेताच्या बांधांवर वाढलेल्या गाजर गवताची पाने चाळणी झालेली दिसू लागतात. जवळ जाऊन पाहिले, तर सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी उभे पट्टे असलेला एक भुंगा पान कुरतडत बसलेला असतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे गाजर गवत जनजागृती सप्ताह पाळतात, तेव्हा याच भुंग्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात आणि त्याबरोबर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. परदेशातून मुद्दाम आणलेला हा किडा गवत संपल्यावर आपल्या पिकांवर येणार नाही कशावरून? आणि तो इतका गुणी असेल, तर चाळीस वर्षांनंतरही गाजर गवत जागच्या जागी कसे? हे प्रश्न परस्परविरुद्ध वाटले, तरी दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी आहे: या भुंग्याचे पोट एका ठरावीक वनस्पतीशी कसे बांधले गेले आहे, यात.

आधी गवताविषयी

गाजर गवत, काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी या नावांनी ओळखले जाणारे हे तण गवताच्या कुळातले नसून सूर्यफुलाच्या कुळातले आहे, म्हणजे शेवंती, झेंडू आणि करडई यांचे ते दूरचे भाऊबंद ठरते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे असून मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा उष्ण प्रदेश आहे. भारतात पुण्यामध्ये १९५५ साली ते ठळकपणे नजरेस आले आणि पुढच्याच वर्षी त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, म्हणजे पुण्यातली झाडे त्याआधीच उगवलेली होती. अमेरिकेहून धान्य मात्र १९५१ पासूनच येत होते, तेव्हा बी एखाद्या आधीच्या बोटीतून आले असणे शक्य आहे.

या तणाची ताकद त्याच्या बियांत आहे. त्याच्या प्रत्येक बारीक पांढऱ्या पंचकोनी फुलोऱ्यात साधारण पाच बिया धरतात आणि एक जोमदार झाड १५,००० ते २५,००० बिया देऊ शकते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते, ओल मिळाली तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात उगवते, आणि जमिनीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. त्याच्या पानांवरच्या सूक्ष्म केसांत आणि परागकणांत ‘पार्थेनिन’ नावाचे कडू रसायन असते. माणसाच्या कातडीला येणारी खाज आणि पुरळ यांमागे मुख्यतः हेच रसायन असते, आणि जनावरांनी हे झाड खाल्ले तर दुधालाही कडवट वास येतो. बहुतेक प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच गावाबाहेरच्या गायरानात इतर सारे चरून संपते आणि गाजर गवत तेवढे शिल्लक राहते.

भुंगा कोण आणि कुठला

या भुंग्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. पाने खाणाऱ्या भुंग्यांचे एक प्रचंड मोठे कुळ आहे, ज्यात तीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातली ही एक लहानशी जात आहे. १९५३ साली, म्हणजे पुण्यात गवत दिसण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी, तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाने १९८० मध्ये क्वीन्सलँड प्रांतात तो सोडला. भारतात तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि बंदिस्त प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळ्या रानात सोडला गेला.

एखाद्या उपद्रवी वनस्पतीवर किंवा किडीवर तिच्या मूळ देशातला नैसर्गिक शत्रू आणून सोडण्याच्या या पद्धतीला जैविक नियंत्रण म्हणतात. दक्षिण भारतात बोकाळलेला फड्या निवडुंग १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका पिठ्या किडीने आटोक्यात आणला होता, त्यामुळे हा मार्ग भारताला नवा नव्हता.

भुंग्याची मादी पानांच्या खालच्या बाजूला फिकट पिवळी अंडी सुटी किंवा लहान पुंजक्यांत घालते. चार-सहा दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि प्रथम शेंड्यातली कोवळी पाने व कळ्या खातात, मग खालच्या पानांकडे वळतात. दहा-पंधरा दिवसांत पूर्ण वाढलेली अळी झाडावरून उतरून मातीत शिरते, तिथे कोष करते, आणि आणखी आठ-बारा दिवसांनी नवा भुंगा वर येतो. एकूण महिनाभरात एक पिढी पुरी होते. अळी आणि भुंगा हे दोघेही गाजर गवतच खातात, हे इथे विशेष आहे, कारण पुष्कळ किडींमध्ये केवळ अळीच नुकसान करते आणि प्रौढ किडा दुसऱ्याच कशावर तरी जगतो.

किडा आपले झाड कसे ओळखतो

ज्या वनस्पतीवर एखादा किडा आपले पूर्ण जीवनचक्र काढू शकतो, तिला त्याची यजमान वनस्पती म्हणतात. या व्याख्येत ‘पूर्ण’ हा शब्द निर्णायक आहे. पान कुरतडणे वेगळे, आणि त्या पानावर अंडी घालून, अळ्या वाढवून, कोषातून सशक्त भुंगे बाहेर काढून त्यांनी पुन्हा तिथेच अंडी घालणे वेगळे.

वनस्पती आपल्या बचावासाठी कडू, विषारी किंवा चिकट रसायने तयार करतात. लाखो वर्षांच्या सहवासात काही किडे त्यांतल्या एखाद्या रसायनाला पचवायला शिकतात, आणि मग उलट घडते: जे रसायन इतर सर्वांना दूर ठेवते, तेच या किड्यासाठी ‘हे आपले अन्न’ अशी खूण ठरते. भुंग्याच्या मिशांवर, तोंडाजवळच्या अवयवांवर आणि पायांवर चव-वास ओळखणारी सूक्ष्म केंद्रे असतात; पानावर उतरताच तो ते चाचपून पाहतो आणि अपेक्षित खूण मिळाली तरच नेटाने खाऊ लागतो. मेक्सिकन भुंग्याच्या बाबतीत ही खूण मुख्यतः पार्थेनिनची आहे. गाजर गवताने स्वतःभोवती घातलेले कुंपणच त्याला आत बोलावते.

म्हणून अशा किड्याला ‘भूक लागली की काहीही खाईल’ हा नियम लावता येत नाही. शेजारी हिरवीगार मेथी किंवा कोथिंबीर असली, तरी त्याच्या दृष्टीने ते अन्न नाहीच. अर्थात ही खूण अगदी एकाच जातीत असते असेही नाही. गाजर गवताच्या जवळच्या नात्यातल्या काही तणांवर हा भुंगा कमी-अधिक प्रमाणात आढळतो. ऑस्ट्रेलियात तो अ‍ॅम्ब्रोसिया नावाच्या, परागकणांमुळे बदनाम झालेल्या तणावरही जगतो, आणि भारतात काटेरी फळांच्या शंकेश्वरावर तो कधी कधी खाताना दिसतो. दोन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातल्या त्याच पोटगटात मोडतात. ती तणे असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही, पण सूर्यफूलही त्याच पोटगटात येते आणि ते पीक आहे.

आणण्यापूर्वी कोणती तपासणी झाली

जैविक नियंत्रणासाठी किडा निवडताना दोन प्रकारच्या चाचण्या घेतात. पहिलीत किड्यासमोर यजमान वनस्पती आणि इतर वनस्पती एकत्र ठेवून तो कशाची निवड करतो हे पाहतात. दुसरी अधिक कठोर असते: त्याला फक्त परकी वनस्पती देऊन कोंडतात, म्हणजे खा नाही तर उपाशी मर. वनस्पतींची यादी करताना सर्वांत आधी यजमानाचे जवळचे नातेवाईक घेतात, मग दूरचे, आणि त्यानंतर त्या देशातली महत्त्वाची पिके. बंगळुरूमध्ये अनेक कुळांतल्या वनस्पतींवर अशा चाचण्या झाल्या आणि भुंगा सुरक्षित ठरवून सोडण्यात आला.

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात मात्र शेतातली प्रत्येक परिस्थिती उभी करता येत नाही. पुढे जे घडले, त्याचे कारण नेमके पिंजऱ्याबाहेरचे होते.

सूर्यफुलाचे प्रकरण

सोडल्यानंतर पहिली काही वर्षे भुंगा फारसा दिसला नाही. १९८८ च्या सुमारास बंगळुरू परिसरात त्याची संख्या एकदम वाढली आणि गाजर गवताचे पट्टेच्या पट्टे निष्पर्ण होऊ लागले. त्यानंतर थोड्याच काळात कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना सूर्यफुलाच्या पानांवर हेच भुंगे दिसले, काही ठिकाणी पाने खाल्लेलीही आढळली, आणि मोठा गदारोळ उठला. सरकारने तथ्यशोधन समिती नेमली आणि भुंगे नव्याने सोडणे थांबवले गेले. शेतकऱ्यांनी जे पाहिले ते खरे होते, आणि ‘तुमचा काहीतरी गैरसमज झाला’ अशी त्यांची बोळवण न करता कारण शोधले गेले, ही या प्रकरणातली चांगली बाजू मानायला हवी.

शोधाअंती असे दिसले की ज्या सूर्यफुलांच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण पडले होते, त्याच पानांवर भुंगे प्रामुख्याने खात होते. परागकणांत पार्थेनिन असते, हे वर आलेच आहे. गुळाचे बोट फिरवलेली भाकरी लहान मूल आवडीने चाटते आणि गूळ संपला की भाकरी ठेवून देते, तसा हा प्रकार होता. गाजर गवताचे मोठे पट्टे फस्त झाल्यामुळे हजारो भुकेले भुंगे आजूबाजूला उडाले, तिथे परागकणांनी माखलेली पाने त्यांना भेटली, आणि खुणेने फसून त्यांनी पान कुरतडले. नुसत्या सूर्यफुलावर मात्र पिढ्यामागून पिढ्या टिकेल अशी त्यांची वस्ती उभी राहिली नाही. यजमान वनस्पतीच्या व्याख्येतल्या ‘पूर्ण’ या अटीत सूर्यफूल बसत नाही. सोडण्यावरचे निर्बंध नंतर उठवले गेले.

याच भागात १९९७ मध्ये सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा एक विषाणूजन्य रोग आला आणि त्याने पिकाचे फार मोठे नुकसान केले. त्या विषाणूचा साठा कोणती लक्षणे न दाखवता गाजर गवतात राहतो, त्याच्या परागकणांतून बाहेर पडतो आणि फुलकिड्यांच्या मार्फत सूर्यफुलात शिरतो, असे संशोधनात आढळले. २००० साली आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागात भुईमुगावर आलेली खोडकुजव्यासारखी साथही याच विषाणूची होती. म्हणजे सूर्यफुलाच्या पानावर पडलेला गाजर गवताचा पराग खरोखरच घातक होता, परंतु संशय मात्र त्या झाडालाच खाणाऱ्या भुंग्यावर घेतला गेला होता. ही विसंगती शेतकरी मेळाव्यांत सांगितली जायला हवी, ती क्वचितच सांगितली जाते.

उद्या त्याने सवय बदलली तर?

ही शंका निराधार म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही, कारण याच भुंग्याच्या एका दूरच्या भावाने सवय बदललेली आहे. उत्तर अमेरिकेतला कोलोरॅडो बटाटा भुंगा मुळात रिंगणीसारख्या एका काटेरी रानझुडपावर जगत असे. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी बटाट्याची लागवड त्याच्या प्रदेशापर्यंत नेली आणि १८५९ च्या सुमारास तो बटाट्यावर उतरला. पुढे तो अटलांटिक ओलांडून युरोपभर पसरला. आज जगातल्या सर्वांत कुप्रसिद्ध किडींत त्याची गणना होते.

मात्र त्या उदाहरणातले तपशील पाहावेत. ते रानझुडूप आणि बटाटा एकाच प्रजातीसमूहातले, म्हणजे सोलॅनम या एकाच वंशातले असून त्यांचे रसायन बरेच मिळतेजुळते आहे. गाजर गवत आणि सूर्यफूल यांचे वंश निराळे आहेत आणि दोघांतला मोठा फरक नेमका त्या खुणेच्या रसायनात आहे. शिवाय चार दशकांत देशभर अगणित भुंगे जन्मले, त्यांनी सोलापूर-लातूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या सूर्यफूल पट्ट्याशेजारी प्रत्येक पावसाळा काढला, आणि तरीही सूर्यफुलाची कायमची कीड म्हणून त्याची नोंद झालेली नाही. भुंगा नेपाळ आणि पाकिस्तानातही पोहोचला आहे, आणि पाकिस्तानात तर कोणी अधिकृतपणे न सोडता गेला. तिथेही तो गाजर गवतावरच आढळतो. धोका शून्य आहे असे कोणत्याही जीवाबद्दल म्हणता येत नाही, पण गाजर गवत मोकाट ठेवण्याचा धोका रोज समोर दिसत असताना या दूरच्या शक्यतेला त्याच तराजूत समान वजन देणे मला योग्य वाटत नाही.

मग गवत संपत का नाही

सर्वांत मोठे कारण वेळापत्रकाचे आहे. पाऊस ओसरून थंडी सुरू होते तसे बरेचसे भुंगे जमिनीत काही सेंटिमीटर खोल शिरून खाणे-पिणे बंद करतात आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच पडून राहतात; या विश्रांतीला सुप्तावस्था म्हणतात. जूनच्या पावसाने माती भिजली की ते वर येतात. गाजर गवत मात्र वळवाच्या पहिल्या सरीला उगवते. भुंगे वर येऊन, अंडी घालून, त्यांची दुसरी पिढी संख्येने पुरेशी वाढेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो आणि तोवर पहिल्या खेपेची झाडे फुलून बी टाकून मोकळी झालेली असतात. फुलोऱ्यापूर्वी पाने गेली तर झाड बी धरत नाही किंवा फार कमी धरते. फुलोऱ्यानंतर तीच पाने गेली तर झाडाचे फारसे बिघडत नाही, कारण त्याचे काम झालेले असते. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा झाड सारखेच बोडके दिसते, त्यामुळे फसगत होते.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर, शहरातल्या सांडपाण्याच्या ओलीवर जे गवत उगवते, त्याला तर भुंग्याची भीतीच नसते. त्यात भुंग्यालाही शत्रू आहेत: आपल्याकडचा एक शिकारी ढेकूण त्याच्या अळ्यांना सोंड खुपसून शोषून घेतो. कडक कोरड्या उन्हाळ्याच्या भागांत सुप्तावस्थेतले भुंगे मातीतच मरतात. पाऊस मध्येच ताणला तर वाढीला खीळ बसते. या सगळ्यावर कडी म्हणजे, भुंग्यांनी भरलेल्या गवतावरच कोणी तणनाशक मारतो, तर कोणी ते पेटवून देतो.

रशियाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. अ‍ॅम्ब्रोसिया या तणावर तिथे १९७८ मध्ये याच वंशातला दुसरा एक भुंगा सोडला गेला. सुरुवातीला त्याच्या घनदाट झुंडी तण साफ करत पुढे सरकताना दिसल्या आणि मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. पुढच्या पाहण्यांत मात्र असे आढळले की बहुतेक शेतांत भुंग्यांची दर चौरस मीटर संख्या इतकी कमी होती की तणावर फरक पडत नव्हता, आणि दरवर्षी नांगरली जाणारी, पीक बदलणारी जमीन त्याला मानवत नव्हती. भुंगा आहे एवढ्यावर भागत नाही. तो किती आणि कधी आहे, यावर सारे अवलंबून असते.

आणि मुळात एकाच झाडावर पोट असलेला किडा ते झाड समूळ संपवू शकत नाही. झाडे विरळ झाली की त्याची उपासमार होते, संख्या घसरते, उरलेल्या बियांतून गवत पुन्हा वाढते आणि त्यामागून भुंगाही वाढतो. हा वरखाली होणारा झोपाळा गवताच्या कमी संख्येपाशी राहावा, एवढेच जैविक नियंत्रणाकडून मागता येते. ज्याला गवत पूर्ण नाहीसे करणारा किडा हवा आहे, त्याला खरे तर सर्वभक्षी किडा हवा आहे, आणि तो शेतात आलेला कोणाला परवडणार नाही.

भुंगे गोळा करून आपल्या गावात सोडावेत का

जिथे भुंगा आधीच आहे, तिथे बाहेरून आणण्याची गरज नसते. त्याला त्रास न देणे पुरेसे असते. जिथे तो दिसतच नाही, तिथे पावसाळ्याच्या पहिल्या भागात सोडल्याने फायदा होतो. ज्या भागात तो भरपूर असेल तिथून सकाळच्या वेळी प्रौढ भुंगे हाताने वेचता येतात. ते चावत नाहीत, मात्र गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. भोके पाडलेल्या बरणीत गाजर गवताची ताजी पाने घालून ते नेता येतात. सोडताना दहा ठिकाणी दहा-दहा सोडण्यापेक्षा एकाच, न फुललेल्या गवताच्या दाट पट्ट्यात काहीशे भुंगे सोडणे चांगले, कारण विखुरलेल्या नर-माद्यांना एकमेकांची गाठ पडणे अवघड जाते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय आणि काही कृषी विद्यापीठे असे भुंगे पुरवतात.

पिकाच्या आतले गवत भुंग्यावर सोपवू नये. तिथे खुरपणीला पर्याय नाही आणि ती फुलोऱ्यापूर्वीच व्हायला हवी. भुंग्याचे क्षेत्र म्हणजे गायराने, रस्त्यांच्या कडा, रेल्वेमार्गाच्या बाजू, पडीक जमिनी, जिथे मजूर लावणे कोणालाच परवडत नाही. अशा पडीक जागी उन्हाळ्याच्या शेवटी टाकळ्याचे बी फोकून ठेवले, तर पावसाबरोबर टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताच्या रोपांना प्रकाश मिळू देत नाही. भुंग्याने पाने खाऊन मोकळी केलेली जागा टाकळा चटकन व्यापतो, आणि टाकळा कडधान्यांच्या, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातला असल्यामुळे भुंगा त्याला तोंडही लावत नाही.